आमच्या घराचा बाण

परीक्षांचे दिवस आले की माझा उजवा खांदा जागा होतो. दुखत नाही, नुसता आठवण करून देतो. आज सकाळी बदलापूर स्टेशनबाहेर पोरंपोरी उभी होती. हातात पारदर्शक पाऊच, त्यात पेनं, आणि ओठांची पुटपुट चाललेली. एक मुलगी रिक्षाला टेकून डोळे मिटून स्वतःलाच प्रश्न विचारत होती आणि उत्तर आलं की स्वतःशीच मान डोलवत होती. हवेत मार्चची कोरडी ऊब. नव्या टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणामागं एक पळस फुललेला. इतकं सगळं खणलं, तोडलं, त्यात हा कसा राहिला कोण जाणे. मी ऑफिसची वाट सोडून क्षणभर त्याच्यासमोर उभी राहिले.

मार्च म्हटलं की लोकांना हॉलतिकीट आठवतं, रात्रीचा चहा आठवतो. मला भेकर आठवतं. पेंढ्याचं.

आम्ही ठाकर. बारवी धरणाच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. बाबांच्या लहानपणी शिमग्याला तिथं खरी पारध व्हायची. सगळे बापे मिळून शिकारीला निघायचे, कामठे घेऊन. धनुष्याला आमच्यात कामठा म्हणतात. भेकर म्हणजे लहानसं तांबूस हरीण, घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. बाबा आपल्या बापाच्या मागून एकदाच त्या पारधीला गेले होते. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. "लय पळालो," एवढंच सांगायचे, "आणि मग लय वेळ गप बसलो." पुढं शिकारीला बंदी आली. बाबांना त्याचं वाईट वाटलं नाही. ड्यूटीवर जाताना जांभूळ गावच्या टेकडीकडून कधी भुंकणं ऐकू आलं तर रस्त्यात थांबायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "हायेत अजून." एखादा नातेवाईक सुखरूप असल्याचं कळावं तसं.

पण बंदी आली म्हणून शिमगा थांबत नाही. वाडीतल्या जुन्या माणसांनी कारवीच्या काठ्यांचं भेकर बांधायला घेतलं. वर भाताचा पेंढा, त्यावर गेरूचा लेप, पळसाच्या पानांचे कान. छातीच्या आत, पुढच्या पायाच्या जरा मागं, गुलालानं भरलेलं मातीचं बोळकं. होळीच्या दुपारी हे भेकर दोरावरून उतारावर सोडतात. झाडीतून एक माणूस भेकरासारखं भुंकतो आणि त्याच क्षणी ते सुटतं. समोर कामठे घेऊन रांग उभी असते. घरटी एक माणूस, घरटी एक बाण. एकानं मारायचं, मग भेकर पुन्हा वर ओढायचं, मग पुढच्यानं. ज्याच्या बाणानं बोळकं फुटेल त्याला मान. भेकर बांबूला बांधून वाडीभर मिरवायचं आणि होळीत द्यायचं. हे फक्त आमच्या वाडीचं. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक बघायला येतात आणि हसून जातात. हसू देत.

बाबा बदलापुरात पाण्याच्या केंद्रावर कामाला होते. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे. चाळीत लोक त्यांना पाणीवाले म्हणायचे. नळ गेला की दारात येऊन उभे राहायचे, जणू बाबांनी पाणी खिशात घालून आणलंय. चाळीत बाबा हळू बोलायचे, वाकून चालायचे. पण शिमग्याला रांगेत उभे राहिले की त्यांची उंची वाढायची. हे माझं लहानपणचं मत आहे आणि मी ते बदललेलं नाही. कामठा उचलायचे, दोरी कानापर्यंत यायची आणि त्यांच्या पाठीत मधोमध एक खळगा पडायचा. त्या खळग्यात मावेल एवढं सगळं सुख मी त्या वयात पाहिलं. मग टण्ण. मग लाल धूळ. मग सगळ्या उतारावर बाबांच्या नावाचा आवाज, "गोमाचा बाण, गोमाचा बाण."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते त्या पावसाळ्यात बाबा चाळीच्या जिन्यावरून घसरले. शेवाळ होतं. उजवा खांदा निखळला. बसवला, पण बसला तसा बसला. हात छातीच्या वर जाईना. व्हॉल्व्ह डाव्या हातानं फिरवता येतो. कामठा नाही येत.

थंडी सरता सरता हिरूकाका आला. बाबांचा चुलतभाऊ. वाडीतच राहणारा, शेती करणारा, सरळ बोलणारा माणूस.

"गोमा, तुझा खांदा गेला," तो म्हणाला. "तू ऱ्हातोस हितं खाली. पोरगा नाय तुला. घराचा बाण माझ्या संत्याला दे. रक्ताचाच हाय ना तो."

"चहा घे आधी."

"चहा घेतो. पण बोल."

"घरात माणूस हाय माझ्या."

"कोण?"

बाबांनी बोट केलं नाही, नुसती हनुवटी माझ्याकडं हलवली. मी कॉटवर बसून अर्थशास्त्राचं गाइड वाचत होते. हिरूकाका हसला. वाईट नाही हसला. लहान पोर चुलीजवळ पोळी लाटायला बसलं की हसतात तसा.

"ही तर बीए करतेय."

"मग? बीए करणाऱ्याला हात नसतात?"

बायकांनी कामठ्याला हात लावू नये असं आमच्या वाडीत कुणी सांगितलेलं नव्हतं. कारण कुणी विचारलंच नव्हतं. लहानपणी बाबांनी मला खेळायला छोटा कामठा करून दिला होता, त्यानं मी चाळीमागच्या पपया पाडायचे. तेवढंच माझं शिक्षण. पण रांगेत उभं राहायचं म्हणजे वाडीची परवानगी हवी. बाबा वर जाऊन धाऊआजाला भेटून आले. तो वाडीतला सगळ्यात जुना माणूस, भेकराचं भुंकणंही त्याचंच. त्यानं निकाल दिला. पोरगी उभी राहू दे. बाण भेकराला कुठंही लागला तर घराचा बाण गोमाच्या घरात. भुईला पडला तर हिरूच्या घरात, कायमचा. आणि मग दोघांनी त्यावर तोंड उघडायचं नाही.

कायमचा. हा शब्द बाबांनी घरी येऊन सांगितला आणि पाणी प्यायले.

कुणाला वाटेल, एक बाण तो काय. पण वाडीतलं आमचं घर एका पावसात बसलं होतं. जमीन आमची कधीच नव्हती. वाडीत आमचं म्हणून उरलं होतं ते एवढंच, त्या उतारावर दोन माणसांच्या मधली उभं राहण्याएवढी जागा. ती गेली असती तर आम्ही वाडीत पाहुणे झालो असतो. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींना पाणी सोडत राहिले. त्यांना निदान एका ठिकाणी पाहुणा व्हायचं नव्हतं. मलाही नव्हतं.

कामठा खाली उतरवला तर त्याची दोरी गेलेली. आमच्या कामठ्याला बांबूच्या सालीची दोरी असते. आमच्या पत्र्याच्या छपराखाली ती तापून तडकली होती. नवी साल काढायला दोन्ही हातांत जोर लागतो. बाबा दोन दिवस विचारात होते. मग मला म्हणाले, "तुझं कॉलेज सुटलं की थांब, मी येतो."

माझं कॉलेज उल्हासनगरात. तिथं पाच नंबर कॅम्पात तेव्हा गल्लीगल्लीत जीन्सचे कारखाने होते. गटाराचं पाणीसुद्धा निळं वाहायचं. बाबा एका कारखान्यात शिरले. काउंटरवर सिंधी शेठ जेवणाचा डबा उघडत होता.

"शेठ, वो मोटा धागा होना," बाबा म्हणाले. "जो पँट पे ऊपर से दिखता है."

"क्या सीना है?"

"सीना नहीं. कामठा है."

"कामठा क्या?"

मी सांगितलं, "धनुष. तीरवाला."

शेठनं डब्याचं झाकण परत लावलं. एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "चलाएगा कौन?"

"ये," बाबा म्हणाले.

"बेटी?" त्यानं मागं हाक मारून जाड धाग्याची रिळं मागवली. एक धागा दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर ओढून दाखवला. "देख बेटा, आदमी फट जाएगा, ये नहीं फटेगा. मेरी गारंटी है. निशाना तेरी गारंटी."

घरी बाबा आणि आई दाराच्या कडीला धागे अडकवून पीळ देत बसले. पिळून, मेण लावून तयार झाली ती दोरी जीन्सच्या शिवणीसारखी नारिंगी होती. बाबांनी डाव्या हाताच्या बोटानं छेडली. तंबोऱ्यासारखी वाजली. बाबांनी परत छेडली, उगाचच.

मग फेब्रुवारी. तो महिना मला तुकड्यातुकड्यांनी दिसतो. चाळीमागचा रिकामा प्लॉट, जिथं आता पार्किंगसह सात मजले आहेत. सिमेंटच्या गोणीत भरलेला पेंढा, गोणीला रस्सी. बाबा माझ्या मागं उभे. कोपर वर. अजून वर. मान मोडली का तुझी, सरळ ठेव. रस्सीच्या दुसऱ्या टोकाला आई. पदर खोचून ती गोणी ओढत पळायची, कारण भेकर स्थिर नसतं आणि सराव स्थिर गोणीवर करून उपयोग नव्हता. शेजारच्या कांबळेकाकी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बघायच्या. एकदा मला म्हणाल्या,

"वैशाली, परीक्षेच्या पेपरात हेच येणारे का ग?"

"येऊ दे नाहीतर नको येऊ दे," आई खालून धापा टाकत म्हणाली. "तुम्ही खाली या आणि रस्सी धरा जरा. माझा जीव चाललाय."

काकी आल्या. साडीचा काचा मारून अशी गोणी ओढली की माझा बाण गोणीच्या कितीतरी मागं पडला. "हळू ओढा, काकी." "का? हरीण काय तुझ्यासाठी थांबणारे?"

काकींनी ओढली की माझा नेम चुकायचा. आईनं ओढली की लागायचा. मला वाटलं, काकी जोरात पळतात. बाबा काही दिवस बघत राहिले. मग एका सकाळी म्हणाले, "तू गोणी बघत नाहीस. तू आईच्या बांगड्या ऐकतेस."

खरंच होतं. आई रस्सीला झटका द्यायची त्याआधी तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या आणि माझा हात तेवढ्यावर दोरी ओढायचा. शिमग्याला भेकराच्या हातात बांगड्या नसणार.

"काढून ठेव," बाबा आईला म्हणाले.

"नवरा जिवंत असताना?" आई म्हणाली. "एका गोणीपायी?"

मग तिनं बाबांचा मफलर मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळला, बांगड्यांसकट. उरलेला सगळा महिना ती तशीच पळाली. येणारेजाणारे विचारायचे, हाताला काय लागलं ताई. आई म्हणायची, काय नाय, पोरीची परीक्षा हाय.

परीक्षा होतीच. सकाळी बाण, दुपारी पुस्तक. मागणी आणि पुरवठ्याचा वक्र मी प्लॉटवरच्या मातीत बाणाच्या टोकानं काढून पाठ केला. मधल्या बोटाची कातडी सोलली होती, त्यावर पट्टी. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक बाईंनी उत्तरपत्रिकेवर सही करताना बोट पाहिलं.

"काय लागलं?"

"बाण मारते मॅडम. दोरीनं सोललं."

"कशाला मारतेस?"

"भेकराला. पेंढ्याच्या."

त्यांनी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो नीट निरखून पाहिला आणि पुढच्या बाकाकडं गेल्या. मागची मैत्रीण हसली. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं आणि आमच्या घरातला बाण कधी भुईला पडलेला नव्हता. दोन्ही गोष्टी मी एकाच हातानं सांभाळत होते. त्या हाताला पट्टी असणारच.

होळी दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत आली. आम्ही सकाळीच वाडीवर पोचलो. उतारावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं, पळस पेटलेले, खाली मोहाच्या फुलांचा गोड, जडसर वास. दुपारी रांग लागली. मी बाबांच्या जागेवर उभी राहिले. माझ्या डावीकडं एक म्हातारा, उजवीकडं हिरूकाका, त्याच्या स्वतःच्या घराचा बाण घेऊन. संत्या मागं लोकांत उभा होता. हिरूकाकाची नजर दोरीवर गेली.

"ही कसली दोरी? नारंगी?"

"जीन्सची," मी म्हणाले.

त्यानं धाऊआजाला हाक मारली. आजा काठी टेकत आला, दोरीला हात लावला, वाकून जवळून पाहिली. "बाण घराचा लागतो," तो म्हणाला. "दोरीचं कोणी काय ठरवलं नवतं. हिरू, तुझ्या अंगातला शर्ट तरी वाडीत विणलाय का?" रांगेत हशा पिकला. हिरूकाकाही हसला, जरा उशिरा.

दोन घरांचे बाण गेले. एक मानेला लागला, एक पोटाला. बोळकं शाबूत. मग माझी पाळी.

बाबा माझ्यापासून चार पावलं मागं उभे होते. बाण सुटेपर्यंत कुणी बोलायचं नसतं. मी कामठा उचलला. वर झाडीत शांतता. मग धाऊआजा भुंकला. म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून ते इतकं खरं आलं की अंगावर काटा आला. पानांत काहीतरी सळसळलं आणि भेकर सुटलं.

खरं सांगते, ते पेंढ्याचं वाटलं नाही. तांबूस अंग, पळसाचे कान, दगडावरून उडी मारून आल्यासारखं खाली येत होतं. मी त्याच्यापुढची मोकळी हवा पाहिली. दोरी कानाशी आली, पाठीत काहीतरी आत ओढलं गेलं, आणि बोटांनी सोडलं. आवाज फारसा झाला नाही. भेकर माझ्यासमोरून सरळ खाली गेलं. लाल धूळ नाही, काही नाही.

"पडला," कुणीतरी म्हणालं.

"भुईला पडला," हिरूकाका म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा नव्हता, हेही मला आठवतं.

भुईवर मात्र बाण नव्हता. मी उतारभर नजर फिरवली. बाबा जागचे हलले नाहीत. भेकर तळाशी दगडाला अडून थांबलं, एका कुशीवर कललं आणि तसंच पडून राहिलं. सगळे तिकडं बघत होते. आणि मग त्याच्या पुढच्या पायाच्या मागून, काखेतून म्हणावं तिथून, गुलाल गळायला लागला. आधी चिमूटभर. मग धार. बाण इतका आत गेला होता की बाहेर नुसती पिसं उरली होती. बोळकं फुटलं नव्हतं, आरपार भोसकलं गेलं होतं. वाळलेल्या गवतावर लाल ढीग साचत गेला आणि कुणीतरी वरून ओरडलं. मग सगळी वाडी ओरडली. मी काय केलं ते मला आठवत नाही. आई सांगते, मी कामठा छातीशी धरून उभी होते आणि कुणाला द्यायला तयार नव्हते.

हिरूकाका समोर आला. गुलालाची मूठ भरून आणलेली. माझ्या कपाळाला लावला, मग केसांत, मग राहिलेला स्वतःच्या तोंडाला पुसला. "संत्याला शिकव," तो म्हणाला. "पुढच्या शिमग्याला माझा बाण त्याला द्यायचाय. माझे डोळे आता काय खरे नायत."

मी शिकवलं. आता त्याची मुलगी माझ्याकडून शिकते, दर रविवारी बदलापूरला येते, आमच्या सोसायटीचा वॉचमन तिच्या कामठ्याकडं अजून संशयानं बघतो. बीएचा निकाल लागला तेव्हा कांबळेकाकींनी सगळ्या चाळीला सांगितलं की या पोरीला पास करायला मी गोणी ओढलीये. आज मी ज्या खुर्चीवर बसते तिथं माझ्या घरातलं कुणी कधी उभंही राहिलेलं नव्हतं. पण मला कुणी विचारलं, तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर मी पदवीदान समारंभ सांगणार नाही. मी त्या संध्याकाळची वाट सांगेन, उतारापासून होळीपर्यंतची.

भेकर बांबूला बांधलं. ज्याचा बाण तो पुढं, मागचं टोक घरातल्या माणसानं धरायचं अशी रीत. इतकी वर्षं बाबा पुढं असायचे आणि मागं कुणीतरी काका-मामा. त्या दिवशी मी पुढचं टोक खांद्यावर घेतलं, तर मागचं टोक बाबांनी उचललं, डाव्या खांद्यावर. लोक म्हणाले, गोमा, राहू दे, दुसरं कोणी धरील. बाबांनी बांबू खांद्यावर नीट बसवला. आम्ही निघालो. वाट वाडीतल्या प्रत्येक दारासमोरून जाते. बाया दारात उभ्या होत्या. आमच्या बसलेल्या घराच्या जोत्यावर पोरं चढून बसली होती, तिथूनही कुणीतरी गुलाल उधळला. मला बाबा दिसत नव्हते, नुसतं बांबूतून त्यांचं चालणं कळत होतं. मला वाटलं, त्यांचा खांदा दुखत असेल. मी पाय उचलले, लवकर होळीशी पोचावं म्हणून.

मागून बांबूला हलका हिसका बसला.

"पळतेस कशाला," बाबा म्हणाले. "हळू चाल. सगळ्यांना बघू दे."